दोन्ही स्पीकर लावले की डग्गा हरवतो

नेरूळ_सेक्टर: चार महिन्यांचे रविवार घालून स्पीकरची जोडी बनवली. खालच्या सुरांना साडेसहा इंची वूफर, वरच्यांना सिल्क डोम ट्वीटर, १८ मिमी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) २० लिटरची खोकी, मागे पोर्ट म्हणजे हवेचं भोक, त्याचं ट्यूनिंग ४२ हर्ट्झ. बोर्ड प्लायवाल्याकडून मापात कापून घेतला, बाकी माल लॅमिंग्टन रोडचा. परवा जोडले आणि मन खट्टू झालं. तबल्याची चाट सुरेख येते, पण डग्ग्याची घुमक नाहीच. बाबा डग्गा-तबला वाजवायचे. त्यांच्या कॅसेट आहेत घरात, त्या नीट ऐकायच्या म्हणून हा सगळा खटाटोप. याच अँपवर (अँप्लिफायर) जुन्या स्पीकरना बेस भरपूर होता. आठ इंची वूफर घेऊ का?

कोपरीकर: थांबा, खर्च करू नका. अँपचं बॅलन्सचं बटण एका बाजूला पूर्ण फिरवून एकेक स्पीकर ऐकलात का?

नेरूळ_सेक्टर: आत्ता ऐकला. एकटा डावा लावला तर डग्गा येतो! उजव्यातूनही येतो. दोन्ही लावले की गायब. गाणाराही मधोमध बसत नाही, खोलीभर पसरतो.

कोपरीकर: मग एकाचं प्लस-मायनस उलटं झालंय. एका वूफरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. तिच्यापुढे तुमच्या दोन खोक्यांमधलं अंतर ते किती, त्यामुळे खालचे सूर एकमेकांना मारतात. वायर अँपपासून सोडवा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, प्लस लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, क्षणभरच टेकवा. कोन बाहेर सरकला पाहिजे. ट्वीटरची काळजी नको, त्याच्या वाटेत कपॅसिटर आहे, तो सेलचा करंट अडवतो.

घोडबंदर_रेडिओ: दादा, खोकं उघडणारच असाल तर बंद केल्यावर गळतीही बघा. ४० हर्ट्झचा टोन हळू लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवा. पोर्टपाशी धूर हलणारच, इतर कुठे हलला तर तिथून हवा जाते. आणि सोफा कुठे आहे? १४ फुटी हॉलच्या ऐन मध्यावर बसलात तर ४० हर्ट्झच्या आसपास खड्डाच मिळतो, म्हणजे तो सूर तिथे जवळजवळ ऐकूच येत नाही. कापलेल्या कडांना सीलर मारलाय ना? खाडीच्या हवेत एमडीएफ फुगतं, पावसाळ्याआधी उरकून घ्या.

नेरूळ_सेक्टर: सापडलं! सेल टेकवला तर उजव्याचा कोन बाहेर, डाव्याचा आत. डाव्या खोक्यात लाल वायर संपली म्हणून दोन्ही काळ्या वापरल्या होत्या, तिथेच अदलाबदल झाली. सोल्डर काढून सरळ केलं. उदबत्तीचा धूर टर्मिनलच्या प्लेटपाशी थरथरत होता, तिथे फोमची पट्टी लावली. सोफा हॉलच्या मधोमधच होता, दोन फूट मागे घेतलाय. सीलर या रविवारी मारतो.

काल रात्री बाबांची झपतालाची कॅसेट लावली. मनगट दाबून पुडीवरून पुढे नेताना डग्ग्याचा सूर वर चढतो ना, तो घिस्सा अगदी शेवटपर्यंत ऐकू येतो.