मदत हवी आहे: जुन्या लेथच्या बेअरिंग कव्हरचं पॅकिंग हाताने कापायचंय, कागद किती जाडीचा घेऊ?

चक_जॉ (रबाळे)
जुना लेथ, हेडस्टॉकच्या (गिअर आणि स्पिंडल असलेली डोक्याकडची पेटी) इनपुट शाफ्टच्या कव्हरमधून तेल गळतंय. कव्हर बिडाचं, एम८ चे सहा बोल्ट. जुन्या पॅकिंगचे तुकडे झालेत, एका तुकड्यावर मायक्रोमीटर ०.४ मिमी दाखवतो. दुकानात ऑइल पेपर ०.२५ आणि ०.५ चा आहे. स्पेअर मिळत नाही. ०.५ कापू की नुसता सिलिकॉन लावून टाकू?

वागळे_फिटर
सिलिकॉन राहू द्या. आधी बघा, कव्हरचा खांदा बेअरिंगच्या बाहेरच्या रेसवर (कड्यावर) टेकतो का? टेकत असेल तर ते पॅकिंग शिमचंही (नेमकं अंतर राखणाऱ्या पातळ पट्टीचंही) काम करतं. जाड झालं की शाफ्ट पुढेमागे हलणार, पातळ झालं की रेस आवळली जाऊन बेअरिंग तापणार. नुसत्या सिलिकॉनची जाडी जवळपास शून्य, म्हणजे पातळ पॅकिंगचीच गत. शिवाय आत पिळून आलेले त्याचे तुकडे तेलाच्या वाटेत अडकतात.

कव्हर पॅकिंगशिवाय लावा, बोल्ट बोटानेच फिरवून रेसवर टेकवा आणि कव्हर आणि हेडस्टॉकमधली फट फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पात्यांनी) चार बाजूंनी मोजा. साध्या बॉल बेअरिंगला फट अधिक ०.०५ ते ०.१ मिमी एवढी दबलेली जाडी हवी. तुमचा ०.४ हा दबलेल्या कागदाचा आकडा आहे, हे विसरू नका. टेपर रोलर असेल तर हा हिशोब चालत नाही, तिथे प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) बघावा लागतो.

पंच_आणि_पाटा
कापताना भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. कागद कव्हरवर धरून बोल्टच्या भोकाच्या काठावर बॉल पीन हातोडीच्या गोल तोंडाने हलकं ठोका, खूण उमटते. ठोकूनच आरपार कापू नका, बिडाची कड झडते. ॲल्युमिनियमवर तर हातोडी लावूच नका, कव्हरच्या सपाट तोंडाला शाई लावून छाप घ्या. समोरासमोरची दोन भोकं ९ मिमीच्या होल पंचने पाडा, त्यात बोल्ट घालून कागद अडकवा, मग उरलेली चार. पंचखाली लाकडाचा, रेषा उभ्या असलेला ठोकळा घ्या, लोखंडावर धार जाते.

पावसाळ्यात हा कागद दमट होऊन फुगतो आणि भोकं जुळत नाहीत. कापलं की त्याच दिवशी बसवा.

आणखी एक: जुनं पॅकिंग करडं, तंतुमय असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. वायर ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर काही लावू नका. तेलाने भिजवून पितळी पट्टीने खरवडा, पिशवीत बांधून वेगळं ठेवा.

चक_जॉ
खांदा टेकतोय, बॉल बेअरिंगच आहे. फट सगळीकडे ०.३५. कव्हरच्या तळाशी एक लहान खाच आहे, तिच्यावरून कागद सरळ जाऊ द्यायचा का?

वागळे_फिटर
अजिबात नाही! बेअरिंगमधून आलेलं तेल त्या खाचेतून परत हेडस्टॉकमध्ये जातं. ती झाकली की कव्हरमागे तेल साचून शाफ्टवरून बाहेर येणार, आणि दोष पॅकिंगला लागणार. खाच पूर्ण मोकळी ठेवा, कागदाची आतली कडही कव्हरच्या मधल्या भोकापासून मिलिमीटरभर मागे घ्या.

०.५ घ्या, आवळल्यावर साधारण ०.४५ वर येईल. कव्हरच्या बाजूला शेलॅकचा (लाखेच्या द्रावणाचा) पातळ हात, दुसरी बाजू कोरडी, म्हणजे पुढच्या वेळी अख्खं निघेल. बोल्ट समोरासमोर, तीन फेऱ्यांत. शेवटी १५ न्यूटन-मीटरच्या आसपास. मशीन गरम होऊन थंड झालं की एक फेरी परत, आणि शाफ्ट हाताने मोकळा फिरतोय ना ते बघा.