आईची पहिली फिजिओथेरपी अपॉइंटमेंट आहे (फ्रोजन शोल्डर), काय तयारी करून जाऊ?

नाशिकची_लेक:
नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची, डायबेटिस जुना, गोळ्या चालू आहेत. दिवाळीच्या साफसफाईनंतर उजवा खांदा धरला, वाटलं कामाने भरून आलाय, बाम झाला शेक झाला पण आता हात कानाच्या वर जात नाही आणि पाठीमागे तर अजिबातच नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासून, एक्सरे काढून फ्रोजन शोल्डर सांगितलं आणि फिजिओ लगेच सुरू करा म्हणाले. गुरुवारची वेळ मिळालीये. पण आईने धसकाच घेतलाय, शेजारच्या काकूंनी सांगितलं तिथे हात धरून ओढतात, रडवतात. आता म्हणते नकोच ते, मालिशवाल्या मावशींकडून चोळून घेते. पहिल्या दिवशी तिथे नक्की करतात काय? कपडे कसे घालावेत, कागद कुठले न्यावेत? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सांगा.

फिजिओ_सातारा:
ताई, मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिला दिवस बराचसा विचारण्यात आणि मोजण्यात जातो. फ्रोजन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, मग जाड होऊन आवळतं, त्यामुळे पेशंटने स्वतः हात उचलला तरी अडतो आणि आम्ही आधार देऊन उचलला तरी साधारण तिथेच अडतो. कोपर अंगाला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला सांगतील, बहुतेकांची ही हालचाल सगळ्यात आधी जाते. गोनिओमीटर म्हणून कोनमापकासारखं साधन असतं त्याने हात किती अंशात जातो ते लिहून ठेवतात, पुढे फरक पडतोय की नाही ते त्याच आकड्यांवरून कळतं. दुखणं शून्य ते दहामध्ये किती असंही विचारतील. रात्री वेगळं आणि दिवसा वेगळं असेल तर दोन्ही सांगायचं, आणि आयांना सवय असते "तसं बरंय" म्हणायची, ती त्या दिवसापुरती सोडायला सांगा.

ओढाओढीबद्दल. दुखणं जोरात असतं त्या सुरुवातीच्या काळात जबरदस्तीने ताणलं तर खांदा अजून चिडतो, म्हणून चांगला थेरपिस्ट तसं करत नाही. थोडं ताणल्यासारखं वाटणार, पण आईंनी "थांबा" म्हटलं की थांबायलाच हवं, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, त्यात संकोच कसला.

डायबेटिस आहे हे मात्र आवर्जून सांगा. एक तर डायबेटिसवाल्यांना हे दुखणं जास्त होतं आणि सुटायला वेळही जास्त लागतो, दुसरं म्हणजे त्वचेची संवेदना कमी असेल तर शेकाचा चटका कळत नाही आणि फोड येतात. घरी शेकतानाही हे लक्षात ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात कुठे रॉड-प्लेट असेल तर मशीन लावायच्या आधी सांगायचं, काही मशीन अशा पेशंटला चालत नाहीत.

मंजिरी_डोंबिवली:
मला डाव्या खांद्याला झालं होतं. कपड्यांचं सांगते, समोरून बटणं असलेला सैल गाऊन किंवा बिनबाह्यांचा कुर्ता आणि वरून ओढणी, कारण खांदा उघडा करून दोन्ही बाजू शेजारी शेजारी बघतात. घट्ट बाह्यांचा ब्लाउज असला की तो काढता घालतानाच जीव जातो. मंगळसूत्र, चेन घरीच ठेवा. बाई थेरपिस्ट हवी असेल तर आजच फोन करून विचारा, बऱ्याच ठिकाणी सोय करतात.

आणि मला सगळ्यात उपयोग झाला तो आदल्या रात्री कागदावर लिहून नेण्याचा. खांदा दुखतो एवढंच न लिहिता काय काय अडतं ते लिहायचं, म्हणजे वेणी घालता येत नाही, ब्लाउजचा मागचा हूक लागत नाही, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही, रिक्षात दांडी धरता येत नाही, त्या कुशीवर झोप लागत नाही. माझ्या थेरपिस्टने तो कागद फाईललाच लावला आणि आधी वेणीच्या मागे लागू म्हणाली! भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला होता, बोट पोचेल तिथे पेन्सिलची खूण करायची. नवरा रंग खराब होतो म्हणून कुरकुरला पण खुणा वर सरकताना दिसल्या की हुरूप येतो खरंच.

परळचा_बाळू:
मालिशवाल्या मावशींबद्दल लिहितो. वरवर तेल लावलं तर आईंना बरं वाटेल, हरकत नाही, पण हात पिरगाळून "खांदा मोकळा" करू देऊ नका, आमच्याकडे आत्याचा खांदा तशाने पार सुजला होता. क्लिनिकमध्ये जो माणूस हात लावणार त्याची बीपीटी किंवा एमपीटी (फिजिओथेरपीतली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी) डिग्री आहे का बघा. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) यांची राज्य परिषद आहे, तिचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर खऱ्याला राग येत नाही. पहिल्याच दिवशी मोठं पॅकेज घ्या म्हणून मागे लागले तर एकेका सेशनचे पैसे द्या आणि बघा. मुंबईत कुणी वाचत असेल तर परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये केस पेपर काढून फिजिओ होते, रांग असते पण भारतातलं पहिलं फिजिओथेरपी स्कूल तिथलंच आहे, १९५३ पासूनचं.

नाशिकची_लेक:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, "थांबा म्हटलं की थांबतात" हे दोनदा वाचायला लावलं 😊 अजून दोन शंका, त्या दिवशी पेनकिलर घ्यायची की नाही? आणि मी आत बसले तर चालेल ना?

फिजिओ_सातारा:
पेनकिलर डॉक्टरांनी दिलीये तशीच घ्या, फक्त किती वाजता घेतली ते सांगा. शुगरच्या गोळ्या आणि खाणं नेहमीच्या वेळेला, उपाशीपोटी आणू नका, पर्समध्ये साखर किंवा ग्लुकोज असू दे. एक्सरे, डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांची स्ट्रिप आणि एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) शेवटचा रिपोर्ट एवढं बास.

तुम्ही आत नक्की बसा. घरचे व्यायाम शिकवतील तेव्हा विचारून मोबाईलवर व्हिडिओ घ्या, कारण टेबलाला धरून वाकायचं आणि हात लोंबता सोडून झुलवायचा हा साधा वाटणारा व्यायामही घरी आल्यावर लोक खांदा ताठ ठेवून करतात, त्यात हात सैल हवा आणि झुलायचं अंगाने. व्यायामानंतर थोडा वेळ ठणकलं तर ठीक, पण रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा आणि थेरपिस्टना कळवा. किती दिवसांत बरं होईल हेही विचारून घ्या. पूर्ण सुटायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, पण रात्रीची झोप बहुतेक वेळा त्याच्या बरीच आधी परत येते.

एक मात्र इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम, धाप असं काही असेल तर फिजिओकडे येऊ नका, सरळ हॉस्पिटल गाठा. पडल्यावर सुरू झालेलं दुखणं किंवा ताप आणि लाल सूज असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.