ड्रुपल मॉड्यूल: लॅपटॉपवर चालतं, सर्व्हरवर क्लास सापडत नाही

भरतीओहोटी: मदत हवी आहे. ड्रुपल १० वर (वेबसाइट बनवायची प्रणाली) माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं मॉड्यूल, म्हणजे जोडभाग, लिहिलंय. माझ्याकडे सगळं व्यवस्थित चालतं. सर्व्हरवर चढवलं की एरर, कंट्रोलरचा क्लास (पान तयार करणारा कोड) सापडत नाही. फोल्डरांची मांडणी चुकली का? कॅश तीनदा साफ केली. रविवारी मेळावा आहे, लिंक सगळ्यांना गेलीय. लवकर सांगा प्लीज.

पाणवठा: मॉड्यूल ठेवलंय कुठे? मॉड्यूल्समध्ये कस्टम फोल्डर करून त्यात हवं. कॉन्ट्रिब फोल्डर कंपोझरनं उतरवलेल्या इतरांच्या मॉड्यूल्ससाठी, तिथं आपलं काही ठेवू नये.

भरतीओहोटी: कस्टममध्येच आहे.

जुना_पिंपळ: ड्रुपल ७ मध्ये एक इन्फो फाइल, एक मॉड्यूल फाइल, काम झालं. आता एका पानासाठी चार फोल्डर खाली उतरा. वर्डप्रेस घ्या, प्लगिनला एक पीएचपी फाइल पुरते.

पाणवठा: मेळावा रविवारी आहे हो, आता कुठे सगळं बदलणार? आणि ७ चा सपोर्ट जानेवारी २०२५ मध्येच संपला.

सायलीची_आई: कॉन्फिगच्या (सेटिंग्जच्या) इन्स्टॉल फोल्डरमधल्या फाइल मॉड्यूल बसवतानाच वाचल्या जातात. अनइन्स्टॉल करून परत बसवा. माझी सेटिंग्ज अशीच आली होती.

घाटवाट: भरतीओहोटी, अनइन्स्टॉल अजिबात करू नका! इन्स्टॉल फाइलमधल्या स्कीमानं (टेबलाच्या आराखड्यानं) डेटाबेसमध्ये टेबल केलं असेल तर तेही उडेल, नोंदींसकट. आधी सांगा, लॅपटॉप विंडोज आहे का? आणि एसआरसी या कोडच्या फोल्डरच्या आतल्या फोल्डरची नावं कशी लिहिलीत?

भरतीओहोटी: विंडोज. कंट्रोलर फोल्डरचं नाव सगळं छोट्या इंग्रजी अक्षरांत. त्यानं काय होतं?

घाटवाट: तेच दुखणं आहे. ड्रुपल ८ पासून नेमस्पेसवरूनच (कोडमध्ये क्लासला दिलेला पत्ता) फाइलचा रस्ता ठरतो. नेमस्पेसमध्ये कंट्रोलरचा सी मोठा, तर फोल्डरचाही मोठाच हवा. विंडोजला छोटं-मोठं सारखंच, सर्व्हरवरच्या लिनक्सला नाही.

भरतीओहोटी: नाव बदललं. पण गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) म्हणतं काही बदललंच नाही!

घाटवाट: विंडोजवर गिटही त्याकडे दुर्लक्ष करतं. गिट एमव्ही या नाव बदलायच्या कमांडनं आधी भलतंच नाव द्या, मग हवं ते. दोन पायऱ्यांत. मग कमिट करा, सर्व्हरवर चढवा आणि तिथं ड्रश सीआर (कॅश साफ करायची कमांड) चालवा.

जुना_पिंपळ: हे मलाही माहीत नव्हतं. माझं एक मॉड्यूल याच कारणानं अडलं असावं, आज बघतो.

भरतीओहोटी: पान उघडलं! खूप आभार, घाटवाट. मॉड्यूलमधला ब्लॉक (पानावर ठेवायचा चौकोन) मात्र सर्व्हरवर यादीतच येत नाहीये... थांबा, प्लगिन फोल्डरचा पीही छोटाच आहे. बदलतो.