विद्यापीठाचा रेडिओ कणकुंबीपर्यंत पोचेल का?

खानापूरकर (धागा सुरू)

पावसाळ्यात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडची लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. टॉवर बंद पडला की मोबाईलही गप्प. मग घरात बोलणारी एकच वस्तू उरते, सेलवरचा रेडिओ. पण त्यावर ऐकायचं काय? धारवाड आकाशवाणी 1950 पासून आहे, तिची भाषा कन्नड. सांगली 1963 पासून आहे, भाषा आपली, पण शिवार कृष्णाकाठचं. मलप्रभेच्या उगमापाशी भात लावणाऱ्याला दोन्हीकडून अर्धंमुर्धंच मिळतं.

माझं म्हणणं असं की बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, व्हीटीयू हे तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. विद्यापीठाने जिल्हाभर रेडिओचं जाळं उभारावं आणि मराठी-कन्नड दोन्हीत बोलावं.

हे शेखचिल्लीचं स्वप्न नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने हे करून दाखवलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्ल टेरी प्रयोगशाळेत रेडिओसाठी लागणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्ह हाताने फुंकून बनवत होते. केंद्राचं नाव नाइन-एक्स-एम. सुरुवातीला तारयंत्राच्या कट्ट-कडकट्टमध्ये शेतकऱ्यांसाठी हवामान जायचं, 1921 पासून ते माणसाच्या आवाजात जाऊ लागलं. 1922 मध्ये त्याच केंद्राला डब्ल्यूएचए हे नाव मिळालं. पुढे 1931 मध्ये ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झालं. एकशिक्षकी शाळांतली पोरं रेडिओसमोर बसून गाणं आणि चित्रकला शिकली. त्या विद्यापीठाची धारणाच होती की विद्यापीठाची हद्द म्हणजे राज्याची हद्द.

केंद्राला परवाना फक्त दिवसापुरता होता, सूर्य मावळला की आवाज बंद. त्यावर रडत न बसता त्यांनी 1947 ते 1952 या काळात राज्यभर आठ एफएम केंद्रं उभारली. आजचं विस्कॉन्सिन पब्लिक रेडिओ त्यातूनच वाढलं. खानापूर तालुक्यात एका-दोघा शिक्षकांवर चालणाऱ्या मराठी शाळा किती आहेत, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या मुलांसाठी मला हे हवं आहे.

टिळकवाडीची

शाळांचा मुद्दा मनाला लागला, तरीही माझा विरोध आहे. विद्यापीठाच्या रेडिओचं जाळं आपल्या देशात होऊन गेलं आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं ज्ञानवाणी. 2001 मध्ये अलाहाबादहून सुरू झालं आणि वाढत वाढत देशभर 37 केंद्रं झाली. 2014 मध्ये आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीचं भाडं थकलं आणि सगळं एकदम बंद! ट्रान्समीटर दुसऱ्याचा, पैसा दिल्लीचा, निर्णयही दिल्लीचा. गावातल्या एकाही माणसाला ते आपलं वाटलं नव्हतं, म्हणून बंद पडल्यावर रस्त्यावर कोणी आलं नाही. काही वर्षांनी त्यातली काही केंद्रं परत सुरू झाली, पण ऐकणारा एकदा तुटला की तुटला.

आणि अमेरिकेचंच उदाहरण घेतलंत तर शेवटपर्यंत घ्या. 1967 च्या कायद्याने तिथे सार्वजनिक प्रसारणाला सरकारी पैसा मिळू लागला. 2025 च्या जुलैमध्ये तिथल्या काँग्रेसने मंजूर झालेले 1.1 अब्ज डॉलर काढून घेतले. वर बसलेल्यांनी दिलेलं वर बसलेलेच काढून घेतात. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

निपाणीकर

भावनेच्या आधी वॅटचा हिशेब करूया. कम्युनिटी रेडिओला, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या भागापुरत्या चालवलेल्या छोट्या केंद्राला, साधारण 100 वॅटची मर्यादा असते. एवढ्यात आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. बेळगावातून खानापूर पंचवीसच्या पुढे, मध्ये चढउतार. कणकुंबी तर विसराच. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी 90.4 वर आहे, धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं केंद्र 2007 पासून आहे, पण दोन्हींना हीच मर्यादा.

2024 च्या सुधारित नियमांत एका संस्थेला सहापर्यंत केंद्रं काढता येतात, पण ती वेगवेगळ्या जिल्ह्यांत. म्हणजे एकाच बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, अथणी असं जाळं एका विद्यापीठाला विणता येत नाही. शिवाय स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. विस्कॉन्सिनची गोष्ट चांगली आहे, पण तिथला कायदा त्यांच्या बाजूने होता.

वडगावची

मी एका कॉलेजच्या रेडिओवर दोन वर्षं कार्यक्रम केले, नाव सांगत नाही. बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांचा कार्यक्रम ठरला होता. रेकॉर्डिंग झालं, आणि वरून निरोप आला की भाषा शुद्ध करून पुन्हा म्हणवून घ्या. आमच्या मराठीत कन्नड शब्द भातात वरणासारखे मिसळलेले असतात. ते वेचून काढले तर ओवीच राहत नाही. त्या आजी परत आल्या नाहीत. त्या वेळी मी गप्प बसले, त्याचं दुःख अजून आहे.

म्हणून माझं मत टिळकवाडीच्या ताईंकडे आहे. तेलंगणातल्या माचनूरला 2008 पासून दलित बायका स्वतः रेडिओ चालवतात, संगम रेडिओ. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. तिथे माईक कोणाच्या हातात आहे ते बघा. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता म्हटलं, तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. जनतेची म्हणजे कुलगुरूंची नव्हे.

खानापूरकर

वडगावच्या ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. ओव्यांच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात. जाळं म्हणताना माझ्या डोक्यात इमारत होती, माणसं नव्हती.

पण विद्यापीठ पूर्ण बाजूला सारायला मी तयार नाही. माचनूरच्या बायकांमागे एक संस्था वर्षानुवर्षं उभी होती. आपल्याकडे खानापूरच्या पाच गावांतल्या बायकांना परवान्याचा अर्ज कोण भरून देणार? ट्रान्समीटर जळला तर दुरुस्ती कोण करणार? इंजिनिअर, भाताच्या रोगाचा जाणकार, शाळेचे धडे बसवणारा शिक्षक हे लोक विद्यापीठाकडे आहेत. 2004 मध्ये अण्णा विद्यापीठाने चेन्नईत अण्णा एफएम काढलं, देशातला पहिला कॅम्पसमधला कम्युनिटी रेडिओ तोच. गावांतल्या संस्थांना परवाना 2006 नंतर मिळू लागला, तो त्याच वाटेने.

निपाणीकर, नियमाची अडचण खरी. मग परवाने वेगवेगळ्या गावसंस्थांनी घ्यावेत आणि विद्यापीठाने फक्त हात द्यावा. असं चालेल का?

निपाणीकर

कायद्यात बसतं. संस्था निदान तीन वर्षं नोंदलेली आणि त्या भागात काम करणारी हवी. पण मग ते विद्यापीठाचं जाळं उरत नाही, हे कबूल करा.

खानापूरकर

कबूल.

येळ्ळूरचा मास्तर

उशिरा येतोय. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट राहिली. आमच्या शाळेत घरी मराठी बोलणारी आणि शाळेत कन्नडशी झगडणारी मुलं आहेत. त्यांना मराठीचा तास हवाच, पण सोप्या कन्नडचाही तास हवा, तो मराठीतून समजावणारा. तो धडा धारवाड देत नाही, सांगली देत नाही. हे काम मला विद्यापीठाकडूनच हवं, आणि ते रेडिओ सुरू होईपर्यंत थांबायला नको. पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे आधी रेकॉर्ड करून पेनड्राईव्हवर शाळांना द्या. माझ्याकडे स्पीकर आहे.

वडगावची

मास्तर, धड्यांना आवाज लागला तर मी येते. फक्त शब्द आमचेच ठेवायचे.