मदत हवी आहे: लॅम्डावर काढलेला लेआउट स्काय-१३० वर बसेना

वडगावची_पोर:

नमस्कार. बेळगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पाच इन्व्हर्टरचा (सिग्नल उलटा करणारी छोटी सर्किटं) गोल साखळीतला रिंग ऑसिलेटर मॅजिक या चिपचा लेआउट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला, कॉलेजात शिकवलेल्या लॅम्डाच्या नियमांनी, म्हणजे सगळी मापं लॅम्डा या एकाच एककाच्या पटीत. पॉलीची (गेटच्या थराची) रुंदी २ लॅम्डा, दोन पॉलींमध्ये २, डिफ्यूजन (ट्रान्झिस्टरचा सिलिकॉनमधला भाग) ते डिफ्यूजन ३, कॉन्टॅक्ट (थर जोडणारं भोक) २ बाय २, त्याच्याभोवती दीड लॅम्डाची कड. डीआरसी (नियमांची तपासणी) स्वच्छ. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं.

पण मैत्रिणीनं डोक्यात भरवलं की खऱ्या फॅबच्या (चिप बनवणाऱ्या कारखान्याच्या) नियमांवर उतरवून दाखव, मार्क वाढतील. स्काय-१३० या चिप-प्रक्रियेचं पीडीके (फॅबच्या नियमांचा आणि फाइलींचा संच) २०२० पासून सगळ्यांना खुलं आहे म्हणून ते घेतलं. शिकलोय असं की लॅम्डा म्हणजे गेटच्या कमीत कमी लांबीच्या निम्मा. फॅब बदलला की लॅम्डा बदलायचा, आकृती तीच. तिथलं गेट ०.१५ मायक्रॉन, म्हणून लॅम्डा ०.०७५ धरला, लेअरची नावं हातानं जुळवली (कॉन्टॅक्टला लायकॉन, मेटल-१ ला मेट-१) आणि केलेआउट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डीआरसी लावलं. चुकांची यादी संपेना!

(सगळं मायक्रॉनमध्ये.) पॉलीमधलं अंतर माझं ०.१५, पाहिजे ०.२१. डिफ्यूजनमधलं ०.२२५, पाहिजे ०.२७. गेटच्या पुढं डिफ्यूजन ०.२२५, पाहिजे ०.२५. कॉन्टॅक्ट ०.१५ चा, लागतो ०.१७ चा. दीड लॅम्डाची कड येते ०.११२५ आणि तिथली जाळी (कोपरे जिच्या बिंदूंवरच ठेवायचे ती) ०.००५ ची, म्हणजे कोपरा जाळीवर बसतच नाही. उलट डिफ्यूजनबाहेर पॉलीचं टोक मी ०.१५ सोडलंय, तिथं ०.१३ पुरतं. कुठं तोकडं, कुठं ऐसपैस.

बाबा मागावर साड्या विणतात. परवा मागं उभं राहून स्क्रीन बघत होते. म्हणाले, "हा तर जेकॉर्डचा ग्राफच की गं!" (साडीची नक्षी चौकटींच्या कागदावर काढतात तो.)

सगळं एकदम सुटेल असा लॅम्डाचा आकडा आहे का, की पहिल्यापासून काढू? सबमिशन सोमवारी. 'गाईडना विचार' म्हणू नका, विचारून झालंय. "लॅम्डा बदल" एवढंच म्हणाले.

निपाणी_नॅनो:

आकडा काढून बघूया की. पॉलीमधलं अंतर २ लॅम्डा, ते ०.२१ व्हायला लॅम्डा ०.१०५ लागतो. मग गेट ०.१५ ऐवजी ०.२१ चं, आणि क्षेत्रफळ १.४ चा वर्ग, म्हणजे जवळजवळ दुप्पट. एका नियमापायी अख्ख्या चिपनं दंड भरायचा. तरी सुटका नाहीच. कॉन्टॅक्ट आता ०.२१ चा होतो, आणि तो नियम 'कमीत कमी'चा नव्हे, 'नेमका'चा आहे. ०.१७ म्हणजे ०.१७. पॉलीला लॅम्डा ०.१०५ पाहिजे, कॉन्टॅक्टला ०.०८५. दोघांना एकच कुठला देणार?

गोम अशी की लॅम्डात सगळी मापं एकाच प्रमाणात आक्रसतात असं धरलेलं असतं. प्रत्यक्षात रेघ किती बारीक उमटते ते प्रकाशावर, एक मास्क (थराचा साचा) दुसऱ्यावर किती नेमका बसतो ते मशीनच्या जुळवणीवर, वेल (ट्रान्झिस्टरखालचा सिलिकॉनचा पट्टा) किती पसरते ते भट्टीतल्या उष्णतेवर. तिघांची प्रगती वेगवेगळ्या चालीनं झाली. वरचा मेटलचा थर मेट-५ तर मुद्दाम जाड ठेवलेला, त्याची रुंदी कमीत कमी १.६, मेट-१ ची ०.१४.

लॅम्डाला नावं ठेवत नाही. चिप डिझाइनचे अभ्यासक मीड आणि कॉनवे यांनी १९८० च्या सुमारास ते रूढ केलं तेव्हा एकच आकृती वेगवेगळ्या फॅबला पाठवता यावी ही गरज होती, आणि मॉसिस या चिपा बनवून देणाऱ्या सेवेमार्फत विद्यार्थ्यांच्या चिपा तशा बनल्याही. पण मॉसिसलाच पुढं सबमायक्रॉन आणि डीप असे नियमांचे वेगळे संच काढावे लागले. सबमायक्रॉनमध्ये पॉलीमधलं अंतर २ चं ३ लॅम्डा झालं. ते घेतलंस तर ०.२२५ येतं, ती एक चूक जाते. बाकीच्या तशाच.

खानापूर_एक्सप्रेस:

आकड्यांच्या नादात मोठी चूक राहिली. लायकॉनभोवती ली-वन नाही अशी ओळ तुझ्या यादीत असणारच, ती तू इथं दिलीच नाहीस. स्काय-१३० मध्ये ट्रान्झिस्टर आणि मेट-१ यांच्यामध्ये टायटॅनियम नायट्राइडचा आणखी एक थर आहे, तोच ली-वन. लायकॉन ली-वनपर्यंतच पोचतो, तिथून वर मेट-१ पर्यंत एमकॉन. तू दोन्ही घातले नाहीस, म्हणजे तुझे ट्रान्झिस्टर तारेला जोडलेलेच नाहीत. गुणाकारातून नवा थर कुठून येणार?

नव्यानंच काढ. मॅजिकमध्ये स्काय-१३० ची टेक फाइल (थर आणि नियम सांगणारी) लाव. कॉन्टॅक्टची नुसती जागा रंगवायची, ०.१७ ची भोकं तोच पाडतो. चूक दिसली की त्यावर बॉक्स ठेवून 'डीआरसी व्हाय' विचार. एकच इन्व्हर्टर नीट काढ आणि पाच वेळा ठेव. ली-वनचा रोध मेट-१ च्या शंभरेक पट, तेव्हा त्यानं लांबच्या तारा ओढू नकोस.

वडगावची_पोर:

ली-वनची ओळ होती हो, मला वाटलं फाइलचाच घोळ, म्हणून सोडून दिली. 🙈

काल रात्री बसले. मध्येच लाईट गेली, घरातला इन्व्हर्टर बंद पडला, लॅपटॉपवरचा तेवढा चालू! पहिल्याला चार तास गेले, उरलेले चार दहा मिनिटांत. डीआरसी शून्य. बाबांना सांगितलं की नुसतं लहान करून चालत नाही. ते म्हणाले, ग्राफ तोच ठेवून बारीक फणी (धागे जवळजवळ धरणारी) लावली तर फूल आडवं चेपतं, उंची तेवढीच राहते, मोर काढला तर बगळा दिसतो. फणी बदलली की आम्ही ग्राफ नवा काढतो. हे आधी विचारलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

एकच शंका. पाच वेगळ्या एन-वेल (पी-ट्रान्झिस्टरखालच्या वेल) ठेवल्या तर मध्ये १.२७ सोडावं लागतं, म्हणून पाचांना मिळून एकच लांब पट्टी केली. चालेल ना?

खानापूर_एक्सप्रेस:

चालेल, तसंच करतात. पट्टीला टॅप (जोडणीची जागा) घालून व्हीडीडीला (वीजपुरवठ्याला) जोडलास ना?

वडगावची_पोर:

...घालते.