शेतकरी गटाचे व्हिडिओ आणि पीडीएफ फोनवरूनच टाकायचेत: अपलोड अडकतं, आवाज खराब, मराठी अक्षरं तुटतात

तेरणाथडी (औसा, जि. लातूर)

आमच्या शेतकरी गटाला पेरणीच्या आधी चार-पाच छोटे व्हिडिओ टाकायचेत: सोयाबीनची उगवणक्षमता चाचणी, बीजप्रक्रिया, बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) यंत्राची जुळणी. सोबत रोजचे लातूर बाजाराचे भाव आणि महिन्याचं एक माहितीपत्रक पीडीएफमध्ये. कॉम्प्युटर नाही, दोन अँड्रॉइड फोन आहेत. अडचणी अशा:

१) आठ मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला गेलं की ७०-८० टक्क्याला जाऊन थांबायलाय. कधी नुसतंच 'प्रतीक्षा' दाखवतं.
२) समाजमंदिरात ट्यूबलाइटखाली घेतलेल्या चित्रात काळे पट्टे वर-खाली सरकायलेत. शेतात घेतलं तर वाऱ्याचा घूं घूं आवाज.
३) डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल फोनवर उघडली की मराठीऐवजी भलतीच अक्षरं. त्यातला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला तरी तेच.
४) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरला. दुसरा काढला की कोण कुठं आहे ते कळंना, आणि महिला सदस्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात अशी तक्रार आहे.

पैसे खर्च करायची तयारी आहे, पण थोडीच. सुरुवात कुठून करावी?

---

जालना_संकलन

अपलोडचं आधी बघा, कारण तुमचा निम्मा वेळ तिथंच जायलाय.

फोन १०८०पी (चित्राची स्पष्टता), सेकंदाला ३० फ्रेमवर साध्या (एच.२६४) पद्धतीनं चित्रीकरण करतो तेव्हा मिनिटाला साधारण १३० एमबी होतात. म्हणजे आठ मिनिटांचे १ जीबीच्या वर. गावात अपलोडचा वेग १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट; आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी) मिळत असेल (डाउनलोडचा नव्हे, स्पीडटेस्टमध्ये अपलोडचा आकडा बघायचा), तर १ जीबीला सव्वादोन तास लागतात. तेवढ्या वेळात लाइट जाते, फोन येतो, टॉवर बदलतो.

हाच व्हिडिओ ७२०पी, २.५ एमबीपीएस बिटरेटवर (सेकंदाला किती डेटा भरायचा तो आकडा) काढा. मिनिटाला २० एमबी, आठ मिनिटांचे १६० एमबी, त्याच वेगानं वीस-बावीस मिनिटांत काम होतं. माणूस समोर बसून बोलतोय किंवा हातातलं बियाणं दाखवतोय, एवढ्याला ७२०पी भरपूर झालं. बघणारे सहा इंची पडद्यावरच बघणार. 'ओपन कॅमेरा' हे फुकट अ‍ॅप घेतलं तर रेझोल्यूशन आणि बिटरेट दोन्ही आधीच ठरवता येतात. नाहीतर इनशॉटमधून काढताना ७२०पी निवडा. काइनमास्टरच्या फुकट आवृत्तीत कोपऱ्यात शिक्का येतो, माहितीच्या व्हिडिओला तो बरा दिसत नाही.

'प्रतीक्षा' दाखवतं त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: यूट्यूबच्या सेटिंगमध्ये अपलोड 'फक्त वाय-फायवर' असं ठेवलेलं असतं. ते 'कोणत्याही नेटवर्कवर' करा. दुसरं म्हणजे पडदा बंद झाला की काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागचं अ‍ॅप मारून टाकतात. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीचं बंधन काढा. आणि मे महिन्यात माळवदावर रेंज चांगली मिळते म्हणून फोन उन्हात चार्जिंगला लावून अपलोड करू नका. तापला की वेग पडतो, कधी बंदच होतो. रात्री दहानंतर किंवा पहाटे टाका.

आधी 'खाजगी' म्हणून चढवायचं, मग सावकाश शीर्षक-वर्णन लिहून 'सार्वजनिक' करायचं. चढवल्या चढवल्या चित्र धूसर दिसलं म्हणून परत टाकू नका. यूट्यूब हलकी प्रत आधी तयार करतं, स्पष्ट प्रत मागून येते.

चॅनलची फोन नंबरनं पडताळणी केलेली नसेल तर १५ मिनिटांच्या वरचा व्हिडिओ घेत नाही आणि स्वतःचं थंबनेलही (व्हिडिओचं मुखचित्र) लावता येत नाही. एका नंबरवर वर्षाला दोनच चॅनलची पडताळणी होते, त्यामुळं गटाचा नंबर गटाच्याच चॅनलला वापरा.

---

गोदाकाठ_परभणी

पट्ट्यांचं कारण सोपं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोननं शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ) १/६० सेकंद किंवा त्याहून भलतंच काही धरलं की प्रत्येक फ्रेममध्ये उजेड कमी-जास्त पडतो, त्याचेच पट्टे. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथं सेटिंग हातानं ठरवता येतं) शटर १/५० किंवा १/१०० वर पक्कं करा, पट्टे जातात. प्रो मोड नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'फ्लिकर' शोधा आणि तिथं ५० हर्ट्झ ठेवा. तेही नसेल तर ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात बसवा. बोलणाऱ्याचं तोंड खिडकीकडं, पाठ नव्हे. स्वस्तातल्या एलईडी बल्बलाही हाच रोग असतो.

चित्राला मिनिट-दोन मिनिटं लोक सांभाळून घेतात, आवाजाला नाही. त्यामुळं पैसे टाकायचेच तर माइकवर टाका. कॉलरचा वायरचा माइक पुरे. बोया बीवाय-एम१ सगळीकडं मिळतो, वायर सहा मीटरची, शेतात उभं राहायला अंतर मिळतं. त्याच्या डबीवर एक खटका असतो: फोनला जोडताना तो 'स्मार्टफोन' बाजूलाच हवा. 'माइक लावला तरी आवाज येईना' याचं कारण अनेकदा हा खटकाच.

दोन गोष्टी घेण्याआधी तपासा. पिनेवर तीन काळ्या रेघा असलेला माइकच फोनला चालतो. दोन रेघांचा कॅमेऱ्याचा असतो, फोन तो ओळखत नाही. तुमच्या फोनला गोल भोकच नसेल तर टाइप-सीचं जोडणं लागतं, आणि ते आत डॅक (आवाजाचं रूपांतर करणारी चिप) असलेलं घ्या. साधं स्वस्तातलं बऱ्याच फोनवर चालत नाही.

माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, उपरण्याला घासणार नाही असा. त्यावर स्पंज हवाच. वारा जास्त असेल तर केसाळ टोपी. समाजमंदिरात कूलर आणि पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका. दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोननं ऐकायचं आणि मगच पुढं.

अजून एक: मागं ट्रॅक्टरवर गाणं वाजत असेल तर तेवढं बंद करून घ्या. यूट्यूब ते गाणं आपोआप ओळखतं आणि हक्काचा दावा लागतो.

---

अक्षरजुळणी

३ नंबरचं मी सांगते. डीटीपीवाले दादा श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्यात संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. तुमच्या फोनात तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा गळतो. त्यांच्याकडून वर्ड फाइल न घेता फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ मागा, ती नीट दिसेल. पण त्यातून मजकूर उचलता येणार नाही की शोधता येणार नाही. कायमचा उपाय म्हणजे युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच राहणारी अक्षरं. जुना मजकूर परिवर्तकातून (जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारं साधन) काढून घ्या आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तिथं हटकून सरकतात.

नवीन मजकूर फोनवर गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डनं लिहा, बोलून टाइप केलं तरी चालतं. मात्र 'शेतकऱ्यांना' यातला ऱ्य बघून लिहा: ऱ (खाली टिंब असलेला र), मग हलंत, मग य. साधा र घेतला तर 'शेतकर्यांना' होतं. काही कीबोर्ड अक्षरांच्या मधे एक अदृश्य चिन्ह घालून तसाच दिसणारा शब्द बनवतात. डोळ्याला फरक नाही, पण फाइलमध्ये शोधलं की सापडत नाही. सदस्यांची यादी शीटमध्ये ठेवणार असाल तर हे फार छळतं.

माहितीपत्रक गूगल डॉक्समध्ये करा. फॉन्ट मुक्ता किंवा बालू २. पान ए४ ठेवू नका, फोनवर अक्षर मुंगीएवढं दिसतं. ए५ पान, एकच स्तंभ, १४ ते १६ पॉइंट. मग 'शेअर आणि एक्सपोर्ट'मधून पीडीएफ. पेपरातली कात्रणं आत चिकटवू नका, तो त्यांचा हक्काचा मजकूर आहे.

भावाचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर रकाने पाडून लिहिला की देवनागरीत ते कधीच सरळ येत नाहीत. एका ओळीत एक माल: नाव, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण, क्विंटलला. तारीख आणि बाजाराचं नाव पहिल्याच ओळीत, कारण मेसेज पंधरा दिवस फिरत राहतो आणि जुन्या भावावरून आडतीवर वाद होतात.

---

बालाघाट_बीड

नंबरांच्या तक्रारीवर: व्हॉट्सअ‍ॅप चॅनल काढा. त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, काढणाऱ्याचाही दिसत नाही, आणि ग्रुपसारखी १०२४ची मर्यादा नाही. 'शुभ सकाळ'ही कोणी टाकू शकत नाही, हा वरचा फायदा. ब्रॉडकास्ट यादीच्या नादी लागू नका. तिला २५६ची मर्यादा, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं.

पण चॅनल म्हणजे कपाट नव्हे. तिथल्या मजकुराचा इतिहास सर्व्हरवर ३० दिवसच ठेवतात असं कंपनीनं चॅनल आणताना सांगितलं होतं. म्हणून मूळ जागा वेगळी हवी: व्हिडिओ यूट्यूबवर, मजकूर ब्लॉगरवर (फुकट आहे), पीडीएफ ड्राइव्हवर 'दुवा असलेला कोणीही पाहू शकतो' अशी. ड्राइव्हचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंसह धरलेले असतात, त्यात व्हिडिओ कोंबू नका. चॅनलवर फक्त दुवा.

ब्लॉगरमध्ये एक गोम आहे. शीर्षक मराठीत असलं की तो पत्त्यातली मराठी अक्षरं गाळतो आणि प्रत्येक लेखाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' अधिक काहीतरी आकडा असा होतो. प्रकाशित करण्याआधी परमालिंकमध्ये जाऊन स्वतः रोमन अक्षरांत अर्थपूर्ण पत्ता लिहा.

खताच्या दुकानात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर क्यूआर लावा. क्रोममध्ये पान उघडून शेअरमधूनच तो फुकट मिळतो आणि त्याला मुदत नसते. 'मोफत डायनॅमिक क्यूआर' (ज्याचा दुवा त्या साइटच्या ताब्यात राहतो) देणाऱ्या साइटचा कोड काही दिवसांनी पैसे मागतो, तोवर फ्लेक्स छापून झालेला असतो. माणूस मीटरभर लांबून स्कॅन करणार असेल तर कोड दहा सेंटीमीटरचा, भोवती पांढरी मोकळी चौकट. चकचकीत लॅमिनेशन नको, ऊन पडलं की स्कॅन होत नाही.

---

तेरणाथडी

सगळ्यांचे आभार. ७२०पी आणि वाय-फायचं सेटिंग लगेच बदलतो. एक विचारायचं राहिलं: उगवणक्षमतेचा व्हिडिओ आठ मिनिटांचा ठेवावा का तोडावा? आणि आकडे बोलून सांगितले तर पुरे का?

---

गोदाकाठ_परभणी

तोडा. तीन मिनिटांच्या आतला उभा व्हिडिओ शॉर्ट म्हणून जातो आणि लोक तो शेवटपर्यंत बघतात. एका तुकड्यात फक्त चाचणी: शंभर दाणे मोजणं, ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीत मांडणं, गुंडाळी करून सावलीत ठेवणं, रोज पाणी शिंपडणं. पाच दिवसांनी गुंडाळी उलगडतानाचा भाग वेगळा घ्या आणि मोड आलेले दाणे मोजताना कॅमेरा अगदी जवळ न्या. दाण्यावर बोट टेकवून फोकस पक्का करा, नाहीतर तो हात आणि गोणपाटाच्या मध्ये भटकत राहतो.

आकडे बोलून पुरत नाहीत. ७० टक्के उगवण असेल तर एकरी ३० किलो, ६० टक्के असेल तर ३५ किलो, हे पडद्यावर मोठ्या अक्षरात किमान पाच सेकंद थांबवा, आणि तेच वर्णनात लिहा. औषधाच्या मात्रेला तर हे हवंच. 'साठ' आणि 'आठ' फोनच्या स्पीकरवर सारखेच ऐकू येतात. मात्रा डब्यावरच्या लेबलशी जुळवून घ्या आणि लेबलचा फोटोही दाखवा.

दाण्याचं चित्र ७२०पीवर धूसर वाटलं तर तेवढा तुकडा १०८०पीवर घ्या, मिनिटभराचाच आहे.