मदत हवी आहे: इंग्लंडमधलं 'कॉमन' म्हणजे गायरानच का?

शब्दवेल्हाळ:
अठराव्या शतकातल्या इंग्लिश खेड्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर चालू आहे. 'कॉमन'ला सगळीकडे 'गायरान' घातलं, पण एका परिच्छेदात कॉमनचा मालक जमीनदार निघाला आणि पुढे 'कॉमनर' मंडळींनी त्याच्यावर दावाही लावला! जमीन गावाची, तर मालक कुठून आला? 'कॉमन ऑफ पाश्चर', 'एस्टोव्हर्स', 'स्टिंट' हेही अडलेत. जाणकारांनी मदत करावी.

बांधावरचा:
'जमीन गावाची' हे गृहीतच चुकतंय. कॉमनला मालक असतोच. पूर्वी मॅनरचा, म्हणजे जहागिरीचा, लॉर्ड, आज एखादी कौन्सिल (स्थानिक स्वराज्य संस्था), नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था किंवा खासगी माणूस. दुसऱ्याच्या त्या जमिनीवर गुरं चारायचा किंवा सरपण न्यायचा हक्क ज्याला असतो, तो कॉमनर. त्याला सरळ 'हक्कदार' म्हणा. हा हक्क बहुधा घराला किंवा शेताला चिकटलेला असतो, शेत विकलं की हक्कही नव्या मालकाकडे जातो. त्यामुळे 'गावातला कोणीही' असं लिहू नका.

'कॉमन ऑफ पाश्चर'मध्ये तर 'कॉमन' ही जमीन नाहीच. तो चराईचा हक्क. एस्टोव्हर्स म्हणजे जळण, कुंपणाची लाकडं, गोठ्यात अंथरायला नेचे वगैरे नेण्याचा. टर्बरी, जळणासाठी पीट (दलदलीतली जळाऊ माती) कापण्याचा. पॅनेज हा डुकरं ओकच्या फळांवर सोडण्याचा, आणि दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या रानात तो अजून दर शरदात वापरला जातो. हिरवी ओकफळं घोड्यांना आणि गुरांना विषारी, डुकरं मात्र ती खाऊन रान साफ करतात. त्यांनी जमीन उकरू नये म्हणून नाकात कडी घालतात.

स्टिंट म्हणजे हक्कदारागणिक ठरलेली जनावरांची संख्या. ती ठरलेली नसेल तिथे जुना नियम असा: स्वतःच्या शेतावर हिवाळाभर जगवता येतील तेवढीच जनावरं कॉमनवर सोडायची. 'सगळ्यांना मोकळं कुरण' ही कल्पना इथेच बाद होते.

पडीक_वावर:
अठरावं शतक म्हणजे 'एन्क्लोजर' येणारच. त्याला नुसतं 'कुंपण घालणे' म्हणू नका. पार्लमेंटच्या कायद्याने सामायिक हक्क मोडून जमीन वाटून द्यायची, असा तो प्रकार. 1604 ते 1914 या काळात असे 5,200 हून अधिक कायदे झाले. हक्काच्या बदल्यात तुकडा मिळे, पण कुंपणाचा खर्च माथी बसे, मग लहान हक्कदार तो विकून मोकळा होई. हक्क सिद्ध करता आला नाही तर तेवढंही नाही. तुमच्या लेखातला दावा बहुधा यावरूनच असेल.

शब्दवेल्हाळ:
मोठा गुंता सुटला, आभार. मग मराठीत जवळचं काय? गोव्याची कोमुनिदाद चालेल?

बांधावरचा:
नाही, तिथे जमीनच गावकारांच्या (गावच्या मूळ घराण्यांच्या) संस्थेची असते. गायरान सरकारी, महाराष्ट्राच्या महसूल संहिता 1966 च्या कलम 22 खाली गुरांसाठी राखलेलं. रचनेने सगळ्यात जवळ जातं ते विदर्भातलं वाजिब-उल-अर्ज. त्याच संहितेच्या कलम 165 खाली, सरकारच्या नसलेल्या जमिनीवरचे आणि पाण्यावरचे रूढ हक्क त्यात नोंदवतात: वाट, सिंचन, मासेमारी. चराई-सरपण मात्र निस्तारपत्रक या दुसऱ्या गावनोंदीत, कलम 161, आणि ते सरकारी पडीकाबद्दल. पण विदर्भाबाहेरच्या वाचकाला यातलं काही कळणार नाही. पहिल्यांदा 'जमीनदाराच्या मालकीचं, पण ठरावीक शेतकऱ्यांचे चराई-सरपणाचे हक्क असलेलं रान' असं लिहा, पुढे खुशाल 'कॉमन'.

पडीक_वावर:
लंडनमधल्या क्लॅपहॅम कॉमनसारखी नावं तशीच ठेवा. आणि लेखात आजचे फिरायला येणारे लोक असतील तर त्यांना 'हक्कदार' करू नका. नोंदलेल्या कॉमनवर पायी हिंडायची मुभा सर्वांना मिळाली ती 2000 च्या कायद्याने, तिचा चराईशी संबंध नाही.